ड्रोनवरून मोबाईलची रेंज: गोव्यातल्या गावांना पडणारे प्रश्न

मे महिना सरत आला की पंचायतींमध्ये पावसाळ्याच्या तयारीच्या बैठका सुरू होतात. झाडं छाटायची, गटारं उपसायची, होडी कुठं ठेवायची हे ठरतं. अलीकडे या बैठकांत एक नवा प्रश्न हमखास येतो: "ड्रोन वर पाठवून रेंज देता येते म्हणतात, मग आपल्याकडे का नाही?" प्रश्न रास्त आहे. मी सत्तरी तालुक्यातला, आणि पोटापाण्याचा उद्योग दूरसंचारचाच. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वादळ किंवा पूर आल्यावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ड्रोनची मदत फार मोलाची ठरू शकते, पण त्याची जुळवाजुळव पाऊस सुरू होण्याआधी झालेली असेल तरच. गावाला कायमची रेंज हवी असेल तर टॉवर, फायबर आणि वीज यांच्याच मागे लागावं लागेल.

ड्रोन रेंज देतो म्हणजे नेमकं काय करतो?

टॉवरवर जे यंत्र असतं त्याची लहान आवृत्ती ड्रोनच्या पोटाला बांधतात. त्याला स्मॉल सेल म्हणतात. वजन काही किलो, प्रक्षेपणाची ताकद काही वॅट. ड्रोन हे यंत्र उंचावर धरून एका जागी तरंगत राहतो. खालचे फोन त्याला नेहमीच्या टॉवरसारखेच पकडतात. फोनमध्ये कुठलंही ॲप टाकावं लागत नाही.

उंचीचा फायदा सरळ आहे. अंगणात कंदील जमिनीवर ठेवला तर तुळशी वृंदावनाच्या पलीकडे काळोखच राहतो, तोच वर टांगला की सगळीकडे उजेड पडतो. रेडिओ लहरींचंही तसंच. झाडं, घरं, दरडी यांच्या आड न येता ड्रोन आणि फोन एकमेकांना थेट "दिसले" की थोड्या ताकदीतही संपर्क जुळतो. मात्र ड्रोन जितका वर नेऊ तितकं अंतरही वाढतं आणि लहरी क्षीण होतात. म्हणून प्रत्येक जागेसाठी एक योग्य उंची असते, त्याहून वर नेण्यात लाभ नाही.

टॉवर आहेत की. मग ड्रोनची गरज कधी पडते?

टॉवर उभा असूनही मुका होतो तेव्हा. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा. १५ आणि १६ मे रोजी वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले, अनेक भागांत दिवसच्या दिवस लाईट नव्हती. लोखंडी टॉवर बहुतेक ठिकाणी जागच्या जागीच होते. बंद पडली ती त्यांची वीज. टॉवरखाली बॅटऱ्या असतात, काही ठिकाणी डिझेल जनरेटर असतो. बॅटरी काही तासांत उतरते, आणि रस्त्यावर झाडं पडलेली असली की डिझेल पोचत नाही. दुसरं कारण फायबरचं. टॉवरला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल झाडाबरोबर तुटते किंवा रस्त्याची दरड तिला घेऊन जाते.

त्याच वर्षी २३ जुलैच्या सुमारास म्हादई आणि इतर नद्यांना पूर आला, सत्तरी-डिचोलीत घरं पडली. अशा वेळी कुठल्या वाड्यावर किती माणसं अडकली आहेत, कोणाला औषध हवंय, कुठला साकव गेला, एवढं कळलं तरी मदतीची दिशा ठरते. ड्रोनने भरून काढायची पोकळी ती हीच.

हे जगात कुठं खरंच वापरलं गेलंय, की नुसत्या प्रयोगशाळेतल्या गोष्टी?

वापरलं गेलंय. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोचं मोबाईल जाळं जवळपास संपूर्ण उद्ध्वस्त केलं. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये एटी अँड टी कंपनीने तिथं हेलिकॉप्टरच्या घडणीचा, केबलने जमिनीशी जोडलेला ड्रोन उडवला. सुमारे २०० फूट उंचीवरून ४० चौरस मैलांपर्यंत, म्हणजे साधारण १०० चौरस किलोमीटर परिसराला सेवा देण्याची त्याची क्षमता कंपनीने सांगितली होती.

चीनमध्ये जुलै २०२१ च्या हनान प्रांतातल्या महापुरात मिहे या गावाची वीज, रस्ते, फोन सगळं तुटलं होतं. तिथं विंग लूंग जातीचं मोठं मानवरहित विमान दूरच्या कुइचौ प्रांतातून पाठवलं गेलं आणि त्याने सुमारे ५० चौरस किलोमीटरवर पाच तास मोबाईल सेवा दिली. पाच तास ऐकायला थोडे वाटतात, पण तेवढ्यात लोकांनी घरच्यांना आपण जिवंत असल्याचं कळवलं.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटाचं उदाहरण. २०२२ च्या इयन वादळात बेटाला जोडणारा रस्ता तुटला आणि मोबाईल सेवेसाठी तिथं केबलने बांधलेला ड्रोन वर ठेवावा लागला. दिवाडी किंवा चोडण बेटाची फेरीबोट चार दिवस बंद आहे अशी कल्पना करा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

ड्रोन हवेत किती वेळ टिकतो?

सगळ्या योजनेचं यश-अपयश या प्रश्नावर ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लग्नात फोटो काढणारा चांगला ड्रोन एका बॅटरीवर अर्धा-पाऊण तास उडतो. त्याला काही किलोंचं यंत्र बांधलं की तो वेळ आणखी घटतो, शिवाय त्या यंत्रालाही वीज लागते. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी उतरवा, बॅटरी बदला, पुन्हा चढवा. मधल्या वेळात रेंज गायब. तीन-चार ड्रोन पाळीपाळीने उडवता येतात, पण आधीच बॅटरी चार्ज करायला लाईट नाही अशा ठिकाणी हा खेळ फार काळ चालत नाही.

म्हणून आपत्तीत बहुतेक वेळा केबलने बांधलेला ड्रोन वापरतात. जमिनीवर जनरेटर असतो, शेजारी केबल गुंडाळलेलं रीळ असतं, आणि त्यातून बोटापेक्षाही बारीक केबल वर जाते. तिच्यातून ड्रोनला काहीशे व्होल्ट दाबाने वीज मिळते. दाब जास्त ठेवतात कारण त्यामुळे तार बारीक चालते आणि वजन वाचतं. त्याच केबलमध्ये फायबरचा धागा असतो, त्यातून फोनचा डेटा खाली येतो. असा ड्रोन तासन् तास, गरज पडल्यास रात्रभर वर राहू शकतो. उंची साधारण ६० ते १०० मीटर. त्याहून वर नेलं तर केबलचंच ओझं ड्रोनला जड होतं.

असा ड्रोन उतरवताना जवळून पाहिला की त्यातलं खरं काम कळतं. रिळाची मोटर केबल ओढून घेत असते. पावसात ती केबल निथळत खाली येते आणि तिला चिखल, सुकं गवत, माडाच्या झावळीचा तुकडा असं काहीबाही चिकटलेलं असतं. एक माणूस हातमोजे घालून, ओल्या फडक्यातून केबल सरकवत उभा राहतो, नाहीतर तीच घाण रिळात जाऊन दुसऱ्या दिवशी केबल अडकते. जाहिरातीच्या व्हिडिओत हा माणूस दिसत नाही. पण तो नसेल तर ड्रोन दुसऱ्या दिवशी उडणार नाही.

एका ड्रोनने किती गावं, किती माणसं भागतात?

कागदावरचा आकडा मोठा दिसतो. ६० मीटर उंचीवरून सपाट जमिनीवर क्षितिज २७-२८ किलोमीटरवर असतं. पण फोनला ड्रोन ऐकू येणं पुरेसं नाही, ड्रोनलाही फोन ऐकू यावा लागतो, आणि फोनची प्रक्षेपणाची ताकद जेमतेम २०० मिलिवॅट असते. त्यात आपल्याकडे घाटाच्या सोंडा, दाट कुळागरं आणि पावसाने भिजलेली पानं. लहान यंत्रासाठी मी स्वतः दोन-तीन किलोमीटरच्या वर्तुळाचा हिशेब धरतो आणि दरीपलीकडचा वाडा त्यात मोजत नाही.

माणसांचं म्हणाल तर लहान यंत्रं एका वेळी साधारण ३२ ते १२८ जणांचा चालू संपर्क सांभाळतात. एसएमएस आणि छोटे कॉल असतील तर त्यात गाव निभावून जातं. सगळ्यांनी पुराचे व्हिडिओ पाठवायला घेतले तर पाच मिनिटांत सगळं ठप्प होईल. म्हणून अशा सेवेत कॉल आणि मेसेजना आधी वाट देऊन व्हिडिओ रोखून धरणं योग्यच, लोकांनी कितीही तक्रार केली तरी.

फोनवर रेंजच्या चारही काड्या दिसतात, तरी कॉल लागत नाही. असं का?

हा प्रश्न ड्रोन नसतानाही विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असायला हवं.

काड्या फक्त एवढंच सांगतात की तुमचा फोन आणि जवळचं यंत्र यांचं जमलंय. त्या यंत्राचं पुढे जगाशी जमलंय की नाही हे त्या सांगत नाहीत. तुमचा आवाज यंत्रापासून कंपनीच्या मुख्य केंद्रापर्यंत न्यावा लागतो, त्या दुव्याला आमच्या भाषेत बॅकहॉल म्हणतात. पावसाळ्यात माणूस ओसरीच्या टोकाला येऊन उभा राहतो, काड्या भरलेल्या, नंबर लावला की दहा सेकंद शांतता आणि मग कॉल तुटतो. बहुतेक वेळा तिथं फायबर तुटलेली असते.

ड्रोनने रेंज दिली तरी हा दुवा लागतोच, आणि बैठकीत सर्वांत कमी चर्चा याचीच होते. पर्याय तीन. जवळपास फायबर जिवंत असेल तर केबलमधून थेट तिला जोडायचं. पंचायत कार्यालयापर्यंत आलेली गोवा ब्रॉडबँड नेटवर्कची जोडणी शाबूत असेल तर तिचाही विचार करता येतो, अर्थात मोबाईल कंपनीशी आधी बोलणी झालेली असली तर. दुसरा पर्याय मायक्रोवेव्हचा, म्हणजे समोरच्या डोंगरावरच्या चालू टॉवरकडे अँटेना रोखायची. त्यासाठी दोन्ही टोकं एकमेकांना स्वच्छ दिसावी लागतात. तिसरा उपग्रहाचा. तो कुठूनही चालतो, पण १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी मुसळधार पावसात मार खातात. नेमका पाऊस कोसळतो तेव्हाच दुवा अधूनमधून तुटणार, हे धरूनच चालावं.

कोणी तुम्हाला ड्रोन दाखवायला आला, तर पहिला प्रश्न विचारा: याचा बॅकहॉल कुठून? समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर पुढचं प्रात्यक्षिक बघण्यात वेळ घालवू नका.

आपल्या पावसात आणि वाऱ्यात ड्रोन उडेल का?

वादळ चालू असताना नाही. हे स्पष्ट सांगायला हवं. बरेचसे ड्रोन सेकंदाला १० ते १२ मीटर, म्हणजे ताशी ३६ ते ४३ किलोमीटर वाऱ्यापर्यंतच स्थिर राहतात. मोठे, महागडे ड्रोन याहून थोडं अधिक सोसतात. तौक्तेसारखं वादळ यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. ड्रोनची पाळी वारा पडल्यावर येते.

गोव्याचा नेहमीचा मान्सून मात्र वेगळा. सरीवर सरी, मध्ये तासाभराची उघडीप, घाटाजवळ दिवसभर ढग खाली उतरलेले. पाऊस सोसणारा ड्रोन मिळतो, पण ढगात शिरलेला ड्रोन खालून दिसत नाही आणि न दिसणारा ड्रोन उडवणं धोक्याचं आहे. विजा चमकत असतील तर केबलवाला ड्रोन ताबडतोब खाली घ्यायचा. ६० मीटर उंच तार विजेला आमंत्रण देते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा असतो. मान्सूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, म्हणजे जून आणि ऑक्टोबरमध्ये, गडगडाट जास्त असतो.

किनारपट्टीवर आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. मोटरचे बेअरिंग आणि जोडण्या एका मोसमात गंजतात. साठवलेल्या पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवणं आणि महिन्यातून एकदा ड्रोन चालवून पाहणं याला पर्याय नाही. सप्टेंबरपासून कुलुपात असलेला ड्रोन पुढच्या जूनमध्ये उडेल याची मी खात्री देणार नाही.

माझं सिम एका कंपनीचं आणि ड्रोन दुसऱ्या कंपनीचा. मग?

एरवी उपयोग नाही. पण आपत्तीत दूरसंचार विभाग एकाच सर्कलमधल्या, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एकाच प्रादेशिक विभागातल्या, कंपन्यांना एकमेकींचे ग्राहक स्वीकारायला सांगू शकतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी गुजरातेत तशी सोय सुरू केली होती. गोवा दूरसंचारच्या नकाशावर महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो, त्यामुळे आपल्यासाठीचा असा निर्णय त्या सर्कलच्या पातळीवर होतो. जिल्हा प्रशासनाने ही मागणी लगेच पुढे पाठवायला हवी. अशी सोय सुरू झाल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क निवड "ऑटोमॅटिक" ठेवा किंवा हाताने दुसरं नेटवर्क निवडून पाहा.

आणि स्क्रीनवर "फक्त आपत्कालीन कॉल" असं दिसत असेल तर हताश होऊ नका. त्याचा अर्थ दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची रेंज तिथं आहे आणि ११२ लागू शकतो. ही माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना आजच द्या.

गावातल्या मुलांकडे ड्रोन आहे. त्यालाच बूस्टर बांधला तर?

कृपया असं करू नका. मुलांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो.

बाजारात मिळणारा बिनपरवान्याचा बूस्टर आसपासच्या टॉवरच्या लहरींत गोंधळ घालतो. घराच्या छपरावर असतो तेव्हा तो शेजाऱ्यांची रेंज बिघडवतो. उंचावर नेला तर त्याला एकाच वेळी अनेक टॉवर "दिसतात" आणि तो सगळ्यांनाच त्रास देतो. एका वाड्याची सोय करायला जाऊन अख्ख्या खोऱ्याचं नेटवर्क बिघडू शकतं, तेही बचावकार्य चालू असताना.

कायदाही स्पष्ट आहे. मोबाईलची कंपनसंख्या (फ्रिक्वेन्सी) परवानाधारक कंपन्यांना दिलेली असते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार परवानगीशिवाय दूरसंचार सेवा देणं किंवा जाळं उभारणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ड्रोनवरून रेंज द्यायची तर मोबाईल कंपनीबरोबरच द्यावी लागते.

त्या मुलांना करण्यासारखं दुसरं काम आहे आणि ते तितकंच मोलाचं आहे. पूर ओसरल्यावर रस्ता कुठं तुटला, फायबरच्या खांबावर झाड कुठं पडलं, याचे वरून फोटो प्रशासनाच्या परवानगीने काढून देणं. दुरुस्ती पथकाला नेमकी जागा कळली की निम्मा दिवस वाचतो.

ड्रोन उडवायला कोणाची परवानगी लागते? दाबोळी आणि मोपाचं काय?

२५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम लागू झाले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. रेंज देणारे ड्रोन सहसा स्मॉल गटात बसतात. त्यांची सरकारकडे ऑनलाईन नोंदणी लागते, विमा लागतो आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि किमान दहावी उत्तीर्ण ही अट आहे. आपल्या खेड्यांतल्या कितीतरी मुलामुलींना हे सहज जमण्यासारखं आहे. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो.

ड्रोनसाठीच्या सरकारी ऑनलाईन नकाशावर आकाशाचे तीन रंग आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतचा भाग पिवळा, तिथं जमिनीपासूनच परवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, त्यावर पिवळा. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, आणि त्यात जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ चालू आहेत. त्यातलं दाबोळी तर नौदलाच्या आयएनएस हंसाचा तळ. त्यामुळे मुरगाव आणि पेडण्याच्या लोकांनी नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन पेटीबाहेरही काढू नये. सत्तरी आणि सांगे या वर्तुळांपासून बरेच दूर आहेत, पण तिथंही उडवण्याआधी त्या दिवसाचा नकाशा तपासायचाच, आणि म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यात वन खात्याला विचारल्याशिवाय जायचं नाही.

परवानग्या पुराच्या दिवशी मागायला गेलात तर उशीर झालेला असेल. जिल्हाधिकारी कार्यालयाने मे महिन्यातच जागा, उंची आणि पथकाची नावं कळवून ठेवणं हा यावरचा व्यवहार्य उपाय.

आमच्या गावात टॉवरला विरोध आहे. त्याऐवजी कायमचा ड्रोन चालेल का?

नाही चालणार. वर्षाचे ३६५ दिवस ड्रोन हवेत ठेवायला जनरेटर, इंधन, पाळीपाळीने माणसं आणि सुटे भाग लागतात. त्या खर्चात कितीतरी टॉवर उभे राहतील.

विरोधामागची किरणोत्साराची भीती मी हलक्यात घेत नाही, कारण ती घरातल्या मुलांच्या काळजीतून येते. पण माहिती अशी आहे की भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रक्षेपणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. तुमच्या भागातल्या टॉवरची माहिती दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर बघता येते, शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीही मागवता येते. ग्रामसभेत भांडण्याआधी ती मोजणी मागवा. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातली मुलं ऑनलाईन वर्गासाठी डोंगर चढून रेंज शोधत होती. त्यांच्यासाठी पक्क्या टॉवरशिवाय दुसरं उत्तर तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

जत्रा, शिमगो, फेस्त अशा गर्दीत ड्रोन लावता येईल?

गर्दीच्या डोक्यावर काही किलोंचा ड्रोन तरंगत ठेवू नये. पडला तर जीव जाईल. गर्दीची वेळ आणि जागा आधी ठाऊक असते, त्यामुळे ट्रकवरचा फिरता टॉवर आणून उभा करता येतो आणि तो अधिक फोन सांभाळतो. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली. अशा ठिकाणी संपर्काची आखणी देवस्थान, पोलीस आणि मोबाईल कंपन्या यांनी आधी एकत्र बसून करायला हवी, हे मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. ड्रोनचं काम तिथं दुरून गर्दीवर नजर ठेवण्याचं.

धबधब्यावर, जंगलात अडकलेली माणसं शोधायला उपयोग होतो?

होतो. जुलै २०२४ मध्ये पाली धबधब्यावर पाणी अचानक वाढल्याने मोठ्या संख्येने पर्यटक अडकले आणि त्यांना बाहेर काढावं लागलं. अशा ठिकाणी फोनला रेंज नसते, पण फोन चालू असतो आणि तो सतत नेटवर्क शोधत असतो. ड्रोनवरचं यंत्र जवळ गेलं की फोन त्याच्याशी जुळतो. सिग्नल पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतराचा अंदाज बांधता येतो. ४जीमध्ये हे माप साधारण ७८ मीटरच्या टप्प्यांत मिळतं. ड्रोनने दोन-तीन जागा बदलून मापं घेतली की शोधाचा परिसर खूप आकसतो.

याच तंत्राने कोणाचाही फोन कुठं आहे हे गुपचूप कळू शकतं. म्हणून हे साधन फक्त अधिकृत बचाव पथकाच्या हाती असावं आणि कामापुरतीच माहिती घेऊन ती पुसली जावी.

ड्रोनचा आज, आत्ता, आपत्ती नसताना काही उपयोग आहे?

माझ्या मते सर्वांत जास्त उपयोग इथंच आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. टॉवरची तपासणी. पूर्वी चाळीस मीटर उंच चढून माणूस बघायचा की अँटेना हलली आहे का, बोल्ट गंजलाय का, केबलचं आवरण फाटलंय का. पावसाने निसरड्या झालेल्या टॉवरवर चढणं जिवावरचं काम आहे. ड्रोन वीस मिनिटांत हे सगळे फोटो आणतो. अँटेनाची दिशा आणि कल काही अंश बिघडला तरी एखाद्या वाड्याची रेंज जाते, आणि ते जमिनीवरून डोळ्यांना कळत नाही. शिवाय ड्रोनला मोजणीचं यंत्र लावून कुठल्या वळणावर, कुठल्या उंचीवर रेंज संपते याचा नकाशा करता येतो. तुमच्या पंचायतीने टॉवरची मागणी करताना असा नकाशा जोडला तर अर्जाचं वजन वाढतं. एप्रिल-मे हे त्यासाठी योग्य महिने.

मोठे फुगे, सौर विमानं, उपग्रह यांचं काय झालं?

फेसबुकचं अक्विला हे सौर विमान २०१६ मध्ये उडालं आणि २०१८ मध्ये प्रकल्प थांबला. गूगलच्या मूळ कंपनीच्या लून प्रकल्पातल्या फुग्यांनी सुमारे २० किलोमीटर उंचीवरून केनियात २०२० मध्ये सेवा दिली, २०२१ मध्ये ते काम खर्च न परवडल्याने बंद झालं. एअरबसच्या झेफायर विमानाने २०२२ मध्ये सलग ६४ दिवस हवेत राहून दाखवलं. साध्या फोनला थेट उपग्रहाशी जोडण्याचं काम वेगाने पुढे सरकतंय. पण या पावसाळ्याची आखणी त्यावर करू नका.

पंचायतीने किंवा आपदा मित्रांनी (आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी) नेमकं काय करावं?

ड्रोन विकत घेऊ नका. एकेका पंचायतीला तो परवडणार नाही आणि सांभाळताही येणार नाही. जिल्ह्याने दोन-तीन संच घ्यावेत, त्यातला एक वाळपई किंवा सांगे भागात ठेवावा, म्हणजे पणजीहून यायचा रस्ता बंद झाला तरी तो हाताशी राहील.

पंचायतीने जागा शोधून ठेवावी. गावाच्या वरच्या अंगाला, पुराचं पाणी न येणारी, वीजतारांपासून आणि उंच माडांपासून लांब, जीप पोचेल अशी. शाळेचं मैदान किंवा सड्यावरची मोकळी जागा बहुधा बसते. तिथून समोरचा कुठला टॉवर दिसतो ते पावसाळ्याआधी एका स्वच्छ सकाळी जाऊन बघा आणि लिहून ठेवा. जनरेटर कोणाकडे आहे, त्याला पेट्रोल लागतं की डिझेल, हेही लिहा. हा कागद एकटा सरपंचांच्या फोनमध्ये राहू नये. पंचायतीच्या फलकावर, आपदा मित्रांकडे आणि मामलेदार कार्यालयात त्याची प्रत असावी.

मोबाईल कंपन्यांच्या स्थानिक देखभाल करणाऱ्या माणसाचा नंबर मिळवा. टॉवरच्या कुंपणावरच्या पाटीवर टॉवरचा ओळख क्रमांक लिहिलेला असतो, तो टिपून घ्या. "आमच्याकडे रेंज नाही" अशी तक्रार हजारांत एक होऊन जाते. "अमुक क्रमांकाचा टॉवर, काल रात्री नऊपासून बंद, जनरेटर सुरू नाही, रस्ता मोकळा आहे" असं सांगितलंत तर माणूस डिझेल घेऊनच निघतो.